एक्केचाळिसावा नियम

शरदचंद्र मानकर गिरगावातल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. त्याला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची दहाएक वर्षं ते शिकवत होते ते निव्वळ पाठ होतं म्हणून. फळ्यासमोर उभं राहिलं की तोंड आपोआप चालू व्हायचं आणि घंटा झाली की थांबायचं. मधल्या वेळात आपण काय बोललो हे स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांना आठवत नसे. गुडघे दुखायचे, डोळे चुरचुरायचे. ठाकूरद्वारचं घर वडिलांच्याच काळात हातचं गेलं होतं. आता ते आणि त्यांच्या पत्नी सुनंदाबाई दादरला हिंदू कॉलनीत दोन खोल्यांत राहत. निवृत्तीला चार वर्षं उरलीत, एवढं एकच वाक्य ते अलीकडे मनापासून बोलायचे.

पंचावन्न सालच्या दिवाळीत त्यांचा मावसभाऊ मनमोहन वेलकर फराळाला आला आणि फराळ बाजूला ठेवून भलतंच बोलत बसला. मनमोहन इंजिनियर. विलायतेत चार वर्षं काढून आलेला, आणि आता लालबागच्या एका मिलच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिथे तो एक गाडी बनवत होता. सूत कातणाऱ्या साच्यांवरून उतरवलेल्या भरल्या बॉबिनी वाइंडिंग खात्यापर्यंत न्यायची गाडी, पण ढकलायला माणूस नाही. जमिनीवर मारलेला पांढरा पट्टा बघायला तिला विजेचे डोळे होते, पुढे पितळी मिशा होत्या, त्या कशाला टेकल्या की आत कळायचं. पोटात बॅटऱ्या, आणि लढाईनंतर भंगारात निघालेल्या टेलिफोनच्या, विजेने आपोआप उघडझाप करणाऱ्या खटक्यांची एक पेटी.

"हातपाय झालेत, दादा," मनमोहन म्हणाला. "डोकं नाही. ते तुम्ही लिहून द्यायचं."

त्याला हवं होतं ते असं. गाडीला काय काय ठाऊक असायला हवं, आणि जे ठाऊक आहे त्यावरून तिने काय ठरवायचं, हे जर-तरच्या भाषेत, एकही फट न ठेवता, कागदावर हवं होतं. अमुक आहे आणि तमुक नाही, तर थांब. अमुक नाही, तर डावीकडे वळ. प्रत्येक नियमाची जोडणी तो त्या पेटीत तारांनी करणार होता.

सुनंदाबाईंना वाटलं, हे नाही म्हणतील. शरदचंद्र हो म्हणाले. एकोणतीस वर्षांत तर्कशास्त्राकडून कुणी काही काम मागितलं नव्हतं.

आठवड्यातून तीन दुपारी ते मिलमध्ये जाऊ लागले. पहिल्या दोन दुपारी त्यांनी टेबलाशी बसून स्वतःच्या डोक्याने नियम लिहिले. तिसऱ्या दिवशी साचेखात्यात उभं राहून बघितलं, आणि ते कागद फाडून टाकले. तिथे कापसाची धूळ हवेत तरंगत होती, साच्यांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि त्या गोंधळातून एक मध्यम वयाचा, खांदे पडलेला माणूस भरलेली गाडी घेऊन कुठेही न अडखळता चालला होता. तो कधी थांबायचा, कधी गाडी किंचित तिरकी धरायचा, कधी एक पाय घासत वेग आवरायचा. का, ते बघून कळत नव्हतं.

"ह्याला विचारायला हवं," शरदचंद्र म्हणाले.

त्या माणसाचं नाव लवू गावडे. देवगडकडचा. बावीस वर्षं तीच गाडी, तीच वाट. खात्याच्या मुकादमाने, म्हणजे जॉबरने, सांगितलं म्हणून तो पहिली पाळी सुटल्यावर प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसायचा. शरदचंद्रांना तो मास्तर म्हणे. खात्यात सगळे त्याला अरे-तुरे करत; शरदचंद्र वर्गात पोरांनाही अहो-जाहो करणारे, ते त्याला तुम्ही म्हणायचे, आणि पहिले काही दिवस तो त्यामुळे अवघडून जायचा. मास्तरांशी बोलताना तो मुंबईची मराठी बोले. दमला की मालवणीवर येई. आणि पाळी करून आलेला असल्यामुळे तो लवकर दमायचा.

"वळायचं कुठे, ते कसं ठरवता?"

"पायांका म्हायत आसता, मास्तर."

"पायांना काय माहीत असतं?"

लवू खूप वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला की खांबापाशी जमीन तेलकट असते, तिथे पाय जरा सुटतो, पाय सुटला की वळायचं. शरदचंद्रांनी ते लिहून घेतलं. अशा रीतीने एकेक निघत गेलं. साच्याचा आवाज भरीव झाला की बॉबिनी भरत आल्या, म्हणजे त्या उतरवणारी डॉफर मंडळी वाटेवर येणार, तेव्हा हळू. समोरून जॉबर आला तर आपण थांबायचं, बिगारी आला तर त्याने. सोमवारी साच्यांचे चामडी पट्टे नवे ताणलेले असतात, तेव्हा दुसऱ्या साच्यापासून हातभर लांब. लवूला ह्यातलं काहीच आपल्याला माहीत आहे असं माहीत नव्हतं. एकदा तो म्हणाला, मास्तर, तुम्ही विचारता तेव्हा मला चालायला भीती वाटते. आणि खरंच त्या आठवड्यात तो दोनदा साच्याला धडकला.

एका दुपारी शरदचंद्रांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, ही गाडी चालली तर तुमचं काय, ह्याचा विचार केलात का?

"केला ना," लवू म्हणाला. "खांदे गेले, मास्तर. ती आपली आपण जात असेल तर जाऊ दे. मला दुसरं काय तरी देतील."

"नाही दिलं तर?"

लवूने मान हलवली. ती हो होती की नाही, ते शरदचंद्रांना कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं त्रासदायक वाटून त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

डिसेंबर संपता संपता चाळीस नियम झाले. एक्केचाळिसाव्यावर अडलं. प्रश्न साधा होता: वाट मोकळी आहे हे गाडीने कसं ठरवायचं? मनमोहनचं म्हणणं, मिशा टेकल्या नाहीत आणि डोळ्यासमोर अंधार आला नाही, म्हणजे मोकळी. लवूला विचारलं, तर तो म्हणाला तसं नाही. तिसऱ्या साच्याच्या टोकाला जाईबाई झाडायला बसते, साच्याखाली वाकून, अर्धी आत. कधी बसते, कधी नसते.

"मग दिसते कशी?"

"दिसत नाही. मी थांबतो, हाक मारतो. ओ दिली की कडेने जातो. नाही दिली तरी जरा थांबतो."

"दिसतच नाही तर थांबता कशासाठी?"

"दिसत नाय म्हणान नसता काय?" लवू म्हणाला.

शरदचंद्रांनी पेन खाली ठेवलं. न्यायशास्त्रात हे होतं, बी.ए.च्या मुलांना ते दरवर्षी सांगत. जमिनीवर घडा नाही हे कधी म्हणता येतं? असता तर दिसलाच असता, अशी खात्री असेल तेव्हाच. काळोखात तसं म्हणता येत नाही. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न यायचा.

पण मनमोहनने हिशेब मांडला. पेटीतले खटके संपत आले होते. गाडीला "आहे" आणि "नाही" यांच्याबरोबर "ठाऊक नाही" अशी तिसरी अवस्था द्यायची, तर निम्मी जोडणी उकलावी लागणार. शिवाय ठाऊक नसलेल्या गोष्टी इतक्या, की गाडी जागची हलायची नाही. जाईबाईची झाडायची वेळ बदलून घेऊ, तो म्हणाला. वाद दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी शरदचंद्रांचं डोकं दुखत होतं, कॉलेजचे पेपर तपासायचे पडले होते. त्यांनी लिहिलं: जे असल्याची खूण मिळत नाही, ते नाही असे धरावे. आणि खाली सही केली.

जानेवारीच्या मध्यावर, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं. त्याआधी नोव्हेंबरात फाउंटनला गोळीबार झालाच होता. आता गिरगाव, परळ, लालबाग, सगळीकडे तेच सुरू झालं. संचारबंदी आली. मिल बंद, कॉलेज बंद. शरदचंद्र आणि सुनंदाबाई पाच दिवस खिडक्या लावून दोन खोल्यांत बसून होते. दुधाची गाडी येत नव्हती. लांबून आवाज यायचे, आणि हा फटाका की गोळी हे ओळखायचा शरदचंद्र सवयीने प्रयत्न करायचे, मग सोडून द्यायचे.

मिलचा भोंगा पुन्हा वाजला तेव्हा ते गेले. लवू आला नव्हता. कामगारांतले पुष्कळच आले नव्हते, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दुपारी पहारेकऱ्याने एका बाईला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आणून सोडलं. काठाची जाड साडी, पायात काही नाही. ती लवूची बायको सुभद्रा. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

बुधवारी सकाळी संचारबंदी तासभर उठली तेव्हा लवू दूध बघायला म्हणून बाहेर पडला होता. आज सोमवार. चाळीतली माणसं सगळीकडे बघून आली. मग तिला आठवलं की लालबागच्या मिलमध्ये एक मास्तर आहेत, ते लवूला रोज प्रश्न विचारून वहीत उतरवून घेतात.

"तेंचा सगळा तुमी लिवन घेतल्यात," ती म्हणाली. "ते खंय जातत, ता पण लिवलेला आसतला. जरा बघशात?"

टेबलावर दोनशे चौदा पानं भरलेली वही होती. लवू कुठल्या खांबाशी वळतो, कुठे पाय घासतो, जॉबर दिसल्यावर किती पावलं आधी थांबतो, सगळं त्यात होतं. त्याला मित्र कोण, तो चहा कुठे पितो, घाबरला तर कुणाकडे जाईल, हे शरदचंद्रांनी कधी विचारलं नव्हतं. ती बघत होती म्हणून त्यांनी वही उघडली, चारदोन पानं उलटली. मग मिटली.

"यात नाही," ते म्हणाले. "पण मी येतो तुमच्याबरोबर."

आपण असं का म्हणालो, हे त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. कोट अंगात चढवताना खांदे भरून आले होते.

आधी ते पोलीस चौकीवर गेले. तिथे दीड तास उभं राहिल्यावर एका हवालदाराने धरलेल्या माणसांची यादी वाचली. लवू गावडे त्यात नव्हता. मग एका इस्पितळात, तिथेही नव्हता. दोन्हीकडे सुभद्रेने काही विचारलं नाही, पदर तोंडाशी धरून ती शरदचंद्रांच्या मागे दोन पावलं उभी राहायची. तिसरं इस्पितळ परळच्या बाजूला, धर्मादाय, लहानसं. व्हरांड्यात एका कारकुनाने टेबल टाकलं होतं. त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने जखमींची यादी दोनदा बोटाने खालपर्यंत बघितली, मेलेल्यांची एकदा.

"नाव नाही," तो म्हणाला. "म्हणजे इथे नाही."

शरदचंद्र "बरं" म्हणाले आणि वळले. हे अनुमान त्यांना बिनचूक वाटलं. पायऱ्या उतरायला लागले तेव्हा लक्षात आलं की सुभद्रा मागे नाही. ती टेबलापाशीच उभी होती.

"यादी कोणी लिवली?" ती कारकुनाला विचारत होती.

"मीच."

"नाव कोणी सांगितला?"

"ज्याचं त्याने. नाहीतर सोबतच्या माणसाने."

"आणि ज्येका सांगूक नाय गावला?"

कारकुनाने कपाळ चोळलं आणि सांगितलं की आत शेवटच्या खोलीत तिघं आहेत, ते बोलत नाहीत. सोबत कुणी आलेलं नव्हतं. त्यांना यादीत घ्यायचं तर काय म्हणून घ्यायचं, म्हणून राहिले.

ते दोघं आत गेले. तीन खाटा. पहिल्यावरचा पोरसवदा होता. दुसऱ्याचा चेहरा सगळा बांधलेला, पण हात लवूचे नव्हते. सुभद्रेने ते उचलून तळवा बघितला आणि खाली ठेवला. तिसऱ्या खाटेपाशी ती थांबली. शरदचंद्रांना वाटलं, सापडला. ते पुढे झाले. खाटेवर साठीचा एक माणूस होता, डोळे उघडे, छतावर लावलेले.

"ह्यो बुधाजी," सुभद्रा म्हणाली. "आमच्या पलीकडच्या चाळीतलो. ह्येची बायको रखमा परवा हयसून परत गेली. नाव नाय म्हणान सांगितल्यानी तिका."

ती वाकली, बुधाजीच्या कपाळावर हात ठेवला, त्याच्या कानाशी रखमाचं नाव घेतलं. त्याचे डोळे तिच्याकडे वळले. सुभद्रेने बाहेर येऊन कारकुनाला बुधाजीचं नाव, बापाचं नाव, गाव, चाळ आणि खोलीचा नंबर सांगितला आणि तो लिहून होईपर्यंत उभी राहिली. मग शरदचंद्रांना म्हणाली, चला, रखमाला सांगायला हवं. काळाचौकीपर्यंत चालत जाताना ती एकदाच फुटपाथवर थांबली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि पुन्हा चालू लागली. शरदचंद्रांच्या गुडघ्यातून कळा येत होत्या. त्यांनी तिच्यापुढे त्या दाखवल्या नाहीत.

पुढचे तीन दिवस त्यांनी उरलेली इस्पितळं पालथी घातली, आणि एकदा प्रेतं ठेवतात तिथेही ते एकटेच आत जाऊन आले. घरी आले ते थेट मोरीत गेले. सुनंदाबाईंनी गरम पाणी काढून दिलं. त्या आठवड्यात कॉलेज उघडलं. वर्गात ते नेहमीसारखं बोलले, आणि पहिल्यांदाच, आपण काय बोललो ते त्यांना संध्याकाळपर्यंत आठवत राहिलं.

मग ते मनमोहनकडे गेले आणि एक्केचाळिसावा नियम मागे घेतो म्हणाले.

मनमोहन आधी हसला. नंतर त्याच्या लक्षात आलं की हे खरंच म्हणतायत. जोडणी पुरी झाली होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालक गाडी बघायला येणार होते.

"दादा, एका झाडूवालीसाठी?"

"मी चुकीचं लिहून दिलं, मनमोहन. तेव्हाही मला माहीत होतं. दमलो होतो म्हणून सही केली."

"आता नाही दमलात?"

"आता जास्त दमलोय," शरदचंद्र म्हणाले.

मनमोहन दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आणखी एक पेटी कुठूनतरी आणली आणि तारा उकलायला सुरुवात केली. शरदचंद्र शेजारी बसून एकेक नियम पुन्हा सांगायचे. ज्या जागी डोळा पोचतो तिथे नाही म्हणजे नाही. ज्या जागी पोचत नाही, तिथे घंटा वाजवायची, थांबायचं, आणि उत्तर येईपर्यंत ठाऊक नाही असंच धरायचं. उत्तर म्हणजे भिंतीवरचं एक बटण. तिथल्या माणसाने ते दाबायचं.

लवू परत आला तो सव्विसाव्या दिवशी. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा दुसऱ्याचा. बुधवारी दुधाच्या रांगेत उभा असताना पोलिसांची गाडी आली, रांगेतले पंधरावीस जण उचलले आणि मुंबईबाहेरच्या एका तुरुंगात नेऊन ठेवले. नावं तिथे गेल्यावर दोन दिवसांनी लिहिली. हे लोक कुठल्या चौकीचे ते तुरुंगवाल्यांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे कळवायचं कुणाला हा प्रश्नच आला नाही. सुटल्यावर त्याला दादरपर्यंतचं तिकीट दिलं. हे सगळं त्याने शरदचंद्रांना प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून सांगितलं, गाडी कुठे वळते ते सांगायचा त्याच आवाजात. मारलं का, असं शरदचंद्रांनी विचारलं. लवू म्हणाला, ते राहू दे.

खात्यात त्याचं हजेरीचं तिकीट रद्द झालं होतं. दहा दिवस न कळवता गैरहजर, तर कामगार नोकरी सोडून गेला असं समजावं, असा नियम होता. शरदचंद्र कामगार अधिकाऱ्याकडे गेले. तो सभ्य माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"कळवलं नाही हे खरं आहे ना, सर?"

"खरं आहे."

"दहा दिवस उलटले हेही खरं आहे."

"हो. पण त्यावरून तो सोडून गेला असं निघत नाही. त्याला कळवता येण्यासारखं असतं आणि तरी त्याने कळवलं नसतं, तर निघालं असतं."

अधिकाऱ्याने मान डोलावली. सर, तुमचं पटतं, तो म्हणाला, पण माझ्यापुढे अशा साठ केसेस आहेत, प्रत्येकाला कळवता येत होतं की नव्हतं हे मी कसं ठरवू? त्यासाठीच तर नियम केला. डिसेंबरात मनमोहननेही हेच म्हटलं होतं, आणि शरदचंद्रांनी सही केली होती. ते उठले नाहीत, बसून राहिले. तासाभराने अधिकाऱ्याने कंटाळून एक कागद पुढे केला आणि म्हणाला, तुम्ही लेखी द्या, मी त्याला बदलीत घेतो. जुनी नोकरी धरता येणार नाही. शरदचंद्रांनी दोन पानं लिहून दिली. बावीस वर्षं नोकरी झालेला लवू गावडे बदली कामगार झाला, म्हणजे रोज सकाळी दारावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम.

मार्चमध्ये मालक आले. बरोबर दोन व्यवस्थापक होते आणि एक पाहुणा. गाडी पट्ट्यावरून निघाली, खांबाशी छान वळली, डॉफर लोकांना वाट देऊन पुढे गेली. मनमोहनच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तिसऱ्या साच्याच्या टोकाशी गाडी थांबली. घंटा वाजली. त्या दिवशी खात्यात पाहुणे म्हणून झाडलोट सकाळीच उरकून जाईबाईला सुट्टी दिलेली होती, आणि बटण दाबायला कुणाला सांगायचं ते ह्या धांदलीत राहून गेलं होतं. गाडी पुन्हा घंटा वाजवून उभी राहिली. मनमोहन बटणाकडे जाऊ लागला तेव्हा मालकांनी त्याला हाताने थांबवलं. आपोआप काय होतं ते त्यांना बघायचं होतं. सात मिनिटं झाली.

"कशासाठी थांबली आहे?" मालकांनी विचारलं.

"तिथे कुणी आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही," शरदचंद्र म्हणाले.

"कुणी नाही. मला दिसतंय."

"तिला दिसत नाही. म्हणून ती थांबली आहे."

मालकांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. ते चिडले नाहीत. वयस्कर होते, उभं राहून त्यांचेही पाय दुखत असावेत. मनमोहनकडे वळून ते म्हणाले, काम चांगलं आहे, पण मला पोचणारी गाडी हवी होती. मग पाहुण्याला घेऊन ते गेले. घंटा मागे वाजतच होती.

एप्रिलात प्रयोगशाळेतलं ते काम बंद झालं. मनमोहनला अहमदाबादला बोलावणं आलं. जाण्याआधी तो हिंदू कॉलनीत येऊन गेला. शरदचंद्रांना वाटलं होतं, तो त्यांना दोष देईल. तो जेवला, सुनंदाबाईंच्या माशांच्या भुजण्याची तारीफ केली, आणि दारात चपला घालताना एवढंच म्हणाला की ती तिसरी अवस्था जोडताना काय मजा आली होती, दादा, तसं पुन्हा कोणी करू देणार नाही.

मे महिन्यात, सुट्टीतल्या एका सकाळी, शरदचंद्र लालबागला उतरले आणि मिलच्या दारावर गेले. बदलीवाले भिंतीलगत उभे होते, चाळीस-पन्नास जण. लवू त्यांत होता. त्याने ह्यांना बघून हात जोडले, पण जागा सोडली नाही. जॉबर आला, हातातल्या कागदावरून नावं घेऊ लागला. एकेक माणूस आत जात होता. नावं संपली, जॉबर आत गेला, दरवाजा अर्धा ओढला गेला, आणि राहिलेले पांगले.

"आज नाही," लवू जवळ येऊन म्हणाला.

"आठवड्यातून किती दिवस मिळतं?"

"दोन. कधी तीन." मग तो म्हणाला, बुधाजी घरी आला. उजवा हात गेला, बोलतो थोडं थोडं. सुभद्रा संध्याकाळी जाऊन बसते त्यांच्याकडे.

शरदचंद्रांनी विचारलं की आता पुढे काय. लवू म्हणाला, सुभद्रा गावी चल म्हणते, पण गावी तरी काय आहे, पावसाळ्याआधी ठरवू. समोर एका बंद दुकानाची पायरी होती. शरदचंद्रांचा गुडघा फार दुखत होता, म्हणून ते दोघं तिथे बसले. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून लवूने दोन चहा आणले. ऊन पायांपर्यंत आलं तसे दोघांनी पाय आत घेतले.

"मास्तर," लवू म्हणाला, "तुम्ही मला इतकं विचारलंत. मी एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही इतके दमता कशाने?"

शरदचंद्रांनी पेला खाली ठेवला आणि ते विचार करू लागले. लवूला घाई नव्हती. तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला.